सवलत कुणाची, फुकट कुणाचं?

"तुले काय बे, स्कॉलरशिप हाये. आमचे बाबा टॅक्स भरते." चंद्रपूर-गडचिरोलीच्या कॉलेज कट्ट्यांवर असली वाक्यं सहज बोलली जातात. त्यांचा अर्थ असा, की एकाचं शिक्षण हक्काच्या पैशांतलं आणि दुसऱ्याचं फुकटातलं. हे खरं आहे का?

समजा, चंद्रपूरच्या एका कॉलेजात दोघं मित्र आहेत. एकाचे वडील शहरात अधिकारी. दुसरा भामरागड तालुक्यातला आदिवासी मुलगा; त्याचे वडील धान पिकवतात, उन्हाळ्यात तेंदूपानं तोडतात. फी दोघांनाही वर्षाला ५० हजार.

अधिकाऱ्याने जुनी करपद्धत निवडली असेल, तर '८०-सी'च्या सवलतीत दोन मुलांपर्यंतची ट्यूशन फी करपात्र उत्पन्नातून वजा होते. विमा, पीएफ वगैरे सगळं धरून मर्यादा दीड लाख. ते ३० टक्क्यांच्या टप्प्यात असतील, तर या फीवर सेससकट १५,६०० रुपये वाचतात. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या शिक्षकाचे वाचतात १०,४००. तेंदूपानं तोडणाऱ्याचं काहीच वाचत नाही, कारण त्याला आयकरच लागत नाही. जितकी कमाई जास्त, तितकी मदत जास्त.

"पण तो पैसा त्यांच्याच घामाचा ना?" हा आक्षेप वजनदार आहे. तरी बघा, तेवढ्याच पगाराचा, मूलबाळ नसलेला सहकारी या फीची वजावट घेऊ शकत नाही. म्हणजे हे १५,६०० रुपये सरकारने मुलाच्या शिक्षणापायी सोडलेले आहेत. केंद्राच्या अर्थसंकल्पी कागदपत्रांत अशा सवलतींमुळे बुडालेल्या महसुलाचा हिशेबही मांडलेला असतो. आणि तेंदूवाला कर भरतच नाही, हेही खोटं. मोबाइलच्या रिचार्जवर जीएसटी तोही भरतो.

म्हणजे सरकारी मदत दोघांच्याही घरी पोचते. फरक आहे तो वागणुकीचा. अधिकाऱ्याला ऑफिसात फीची पावती द्यावी लागते. भामरागडच्या मुलाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज भरावा लागतो. जातीचा दाखला हवा, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला हवा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की तहसील गाठणंही मुश्कील. एकाने खर्च दाखवला की पुरतं. दुसऱ्याला आपली गरिबी सिद्ध करावी लागते. आणि एवढं करून 'फुकट्या' ठरतो तोच.

नव्या करपद्धतीत ८०-सी नाही, आणि २०२३-२४ पासून आपोआप लागू होते ती हीच पद्धत. त्यामुळे सवलत घेणारे कमी होतील. पण म्हणून प्रश्न मिटत नाही. पगारदार बापालाही फी जड जाते. त्याची मदत काढून घ्या, असं कुणी म्हणू नये. मात्र मुलाच्या शिक्षणाला मदत द्यायची, तर ती त्याची गरज बघून द्यावी. बापाच्या कराच्या टप्प्यावरून ती का ठरावी? आणि खोली, मेस, एसटीचं भाडं हे खर्च ८०-सीत बसत नाहीत. भामरागडहून येणाऱ्याला तेच सगळ्यात जड जातात.

तोवर कट्ट्यावर बोलताना एवढं लक्षात ठेवू या: स्कॉलरशिप खात्यात जमा होताना दिसते, वाचलेला कर दिसत नाही. सरकारचा हात मात्र दोन्हीकडे आहे.