कर्णाची वकिली

करजगी, अफजलपूर, आळंद या पट्ट्यात मराठी शिकणारी मुलं अजून आहेत. त्यांच्या निबंधांचा एक गठ्ठा नुकताच माझ्याकडे तपासायला आला होता. विषय नेहमीचाच, महाभारतातली आवडती व्यक्तिरेखा. बहुतेकांनी कर्ण घेतला होता आणि सगळ्यांचा कर्ण एकच होता. नदीत सोडलेलं मूल, कवचकुंडलं, स्वयंवरात द्रौपदीने केलेला अपमान, दुर्योधनाची मैत्री, दारात आलेला इंद्र, रुतलेलं चाक. दानशूर, निष्ठावान, स्वाभिमानी, उपेक्षित ही चार विशेषणं क्रमही न बदलता. शेवटची ओळ, ‘असा हा महावीर नियतीचा बळी ठरला.’

द्यूतसभेचा उल्लेख जवळजवळ कुणीच केला नव्हता. एकाने केला होता, तो असा : मित्रप्रेमापोटी कर्ण त्या वेळी गप्प राहिला.

गप्प! सभापर्वातला कर्ण गप्प कुठे आहे? विकर्ण, म्हणजे धृतराष्ट्राचाच एक मुलगा, उभा राहून म्हणतो की द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही. त्याला झापून खाली बसवतो तो कर्ण. पाच नवरे असलेल्या बाईला कसली आलीय लाज, असा युक्तिवाद करून तिची आणि पांडवांची वस्त्रं उतरवायला दुःशासनाला सांगतो तोही कर्णच. दुर्योधनाच्या बाजूने त्या सभेत सगळ्यात जास्त बोलणाऱ्यांपैकी तो एक आहे.

मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. सोलापूरच्या बाजारातून येणारी गाईडं हाच कर्ण देतात, आणि आता मोबाईलला विचारलं तर तोही एका दमात हाच कर्ण हातावर ठेवतो, शुद्धलेखन तेवढं बरं असतं. ‘स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न म्हणजे चारित्र्याचा दाखला लिहून देण्याचं काम, अशी समजूत वर्गात कायमची बसली आहे. ती आली कुठून, हे पाहायला हवं.

याचं खापर सहसा इंग्रजी शिक्षणावर फुटतं. 1857 साली मुंबई विद्यापीठ निघालं, शेक्सपिअर आला, 1883 साली आगरकरांनी हॅम्लेटचा ‘विकारविलसित’ केला, पुढे 1904 साली ब्रॅडलेचं शोकांतिकांवरचं पुस्तक आलं आणि आमचे प्राध्यापक पात्रांच्या स्वभावाचा कीस पाडू लागले, अशी ती हकिकत. हकिकत खरी, निष्कर्ष चुकीचा. ब्रॅडलेने विशेषणांची यादी कधीच मागितली नव्हती. शोकांतिकेचं केंद्र माणसाच्या कृतीत असतं आणि ती कृती त्याच्या स्वभावातून निघते, एवढंच त्याचं म्हणणं. लेडी मॅक्बेथला मुलं किती, अशी 1933 साली एल. सी. नाइट्सने त्याच्या पंथाची टर उडवली ती उडवली. पण ब्रॅडले वाचणाऱ्याला निदान मॅक्बेथने खून केला हे तरी विसरता येत नव्हतं.

यादी आपल्या घरची आहे. दहाव्या शतकात धनंजयाने ‘दशरूपका’त नायकाचे गुण मोजून दिले, विनीत, मधुर, त्यागी, दक्ष वगैरे, आणि धीरोदात्त, धीरललित असे नायकांचे चार साचेही. धनंजय होता माळव्याच्या मुंजाच्या दरबारात. त्या मुंजाला कैद करून मारलं तैलप चालुक्याने, ज्याची राजधानी मान्यखेट म्हणजे आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. (वर्गीकरण करणाऱ्यांचा राजा आमच्याकडे कैदी म्हणून आला, हे मला उगाचच सूचक वाटतं.) धनंजयाने ती यादी नाटकाचं शास्त्र सांगताना केली होती. आपण तिला गुण जोडले, एका विशेषणाला अर्धा.

पण याच मातीत दुसरीही परंपरा आहे, आणि सीमेवरच्या मराठी मुलाला ती शाळेतच भेटू शकते, कारण तो कन्नडही शिकतो. पंपाने 941 साली ‘विक्रमार्जुनविजय’ लिहिलं. आश्रयदाता अरिकेसरी, त्यालाच त्याने अर्जुन केलं, आणि तरी महाभारतात कुणाची आठवण ठेवायची तर कर्णाची ठेवा, असं वाचकाला बजावलं. तैलप आणि त्याचा मुलगा सत्याश्रय यांच्या पदरी असलेल्या रन्नाने आणखी धाडस केलं. सत्याश्रय हा भीम, म्हणजे काव्याचा नायक ठरलेला. पण रन्नाचा दुर्योधन रणांगणावर प्रेतांमधून चालत जातो, आपल्या माणसांसाठी रडतो आणि शत्रूच्या अभिमन्यूपुढे थांबून असं मरण आपल्यालाही यावं म्हणतो. वाचणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. मात्र भीम नायकच राहतो आणि दुर्योधनाची मांडी फुटतेच. माणसाला मोठं करण्यासाठी त्याला निर्दोष सोडावं लागत नाही, हे रन्नाला हजार वर्षांपूर्वी कळत होतं.

मराठीत मुक्तेश्वर, श्रीधराचा ‘पांडवप्रताप’, मोरोपंत, मग कीर्तनकार. तो टप्पा सर्वांना ठाऊक आहे. मला थांबायचं आहे ते 1967 वर.

भांडारकर संस्थेने 1919 साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 साली पुरी झाली. 1259 हस्तलिखितं तपासून, मागाहून घुसलेलं बाजूला काढून सिद्ध केलेली संहिता. पुढच्याच वर्षी मराठीत दोन पुस्तकं आली. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’. एकाच वर्षी दोन कर्ण. वाङ्मयाच्या इतिहासात या वर्षाबद्दल एक ठरलेलं वाक्य असतं : या काळात मराठीने पौराणिक पात्रांना देव्हाऱ्यातून खाली उतरवून माणूस केलं. दोन्ही पुस्तकं त्याच वाक्यात बसवली जातात. फरक विचारला तर सांगतात की कर्वे कर्णाशी कठोर आहेत आणि सावंत सहृदय.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे.

इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या. नातं, कुळ, वारसा यांच्या अंगाने माणूस वाचायची त्यांना सवय. चिकित्सक संहिता समोर ठेवून त्या प्रत्येक पात्राला एकच गोष्ट विचारतात, तू केलंस काय? भीष्मालाही सोडत नाहीत, द्रौपदीलाही नाही; सभेत तिने कायद्याचा प्रश्न काढला ही चूकच झाली, इतकं म्हणायला त्या कचरत नाहीत. (मला ते पटत नाही, पण मजकूर उघडून भांडता येतं.) कर्णाच्या बाबतीत त्या घोषयात्रेकडे बोट दाखवतात. गंधर्वांनी रथ मोडल्यावर कर्ण दुर्योधनाला तिथेच सोडून निघून जातो. वनपर्वात तपशील पाहा, तो उडी मारून चढतो विकर्णाच्या रथावर. ज्याला भर सभेत गप्प केलं त्याच विकर्णाच्या. व्यासांनी हे सहज लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

सावंतांची कादंबरी दुसऱ्या जातीची. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सहा जण आपापलं बोलतात. स्वतःची कहाणी सांगणारा माणूस स्वतःची बाजू सांगणारच; कादंबरीकाराचा तो हक्क आहे आणि सावंतांनी तो ताकदीने वापरला. घोटाळा वाचकांनी केला. आत्मकथन ही रचनेची युक्ती होती, आपण ती साक्ष समजून नोंदवून घेतली. 1973 साली रणजित देसाईंचा ‘राधेय’ आला, पुढे दूरदर्शनवर मालिका आली, आणि मराठी वाचक कायमचा बचावाचा वकील झाला. बचावाला अडचणीचं ते गळालं, उपयोगाचं ते फुगलं. ‘सूताला मी वरणार नाही’ असं द्रौपदी स्वयंवरात म्हणाली, हा सगळ्या निबंधांचा कणा. चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत ते वाक्य नाही, खालच्या टिपांत गेलं आहे.

इथे कुणी म्हणेल की कर्णाचा जातीवरून झालेला अपमान तुम्हाला पुसून टाकायचा आहे. मुळीच नाही. राजपुत्रांच्या शस्त्रपरीक्षेत कृपाचार्य त्याला कुळ विचारतात, म्हाताऱ्या अधिरथाने त्याला जवळ घेतल्यावर भीम त्याला चाबूक धरायला सांगतो. हे मुख्य संहितेत आहे, धडधडीत आहे. ज्यांना जन्मावरून दाराबाहेर ठेवलं गेलं त्यांना कर्ण आपला वाटतो, यात काडीचीही चूक नाही. पण खरी जखम एवढी ठसठशीत असताना टिपेतल्या वाक्याची गरज का पडते? कारण द्रौपदीवरचा सूड समर्थनीय करायचा असतो.

आता उद्योगपर्व. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि त्याचा जन्म सांगतो. कर्ण म्हणतो, ठाऊक आहे. मग तो राधेबद्दल बोलतो. मला पाहून तिला पान्हा फुटला, तिने माझी शी-शू काढली, तिला मी कसा नाकारू? सूतांमध्ये माझी लग्नं झाली, मुलं-नातवंडं झाली. दुर्योधनाच्या आसऱ्याने तेरा वर्षं राज्य भोगलं, आता माघार नाही. युधिष्ठिराला हे कळू देऊ नकोस, तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. आणि पुढे, कुणी विचारलेलं नसताना, तो म्हणतो की दुर्योधनाला खूश करायला मी पांडवांना जे टाकून बोललो, त्या कृत्याने आज मला पोळतंय.

ही कबुली एकाही निबंधात नाही. असणार कशी? अशील निर्दोष ठरवला की त्याची कबुली वकिलाच्या गळ्यात येते. म्हणून ती वगळायची. दुर्योधनाचा पराभव होणार हे जाणून, आपण केलं ते वाईट होतं हे जाणून, तरी त्याच बाजूने उभा राहणारा माणूस असा पुसला जातो, आणि उरतो तो नियतीने ढकलत नेलेला एक बिचारा. ज्याला आपण सहृदयता म्हणतो तिने कर्णाचं एकही कृत्य त्याच्या नावावर ठेवलेलं नाही. कठोर म्हणवल्या गेलेल्या इरावतीबाईंनी निदान त्याला निवड करू शकणारा पुरुष मानलं.

कर्ण हे उदाहरण झालं. ‘एकच प्याला’ची सिंधू घ्या, सहनशील, पतिव्रता, त्यागी; सुधाकर घ्या, हुशार पण संगतीने बिघडलेला. त्याने दुसरा पेला का उचलला, हे कोण लिहितं?

पेपर काढणाऱ्या आणि निबंधाचे विषय ठरवणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. स्वभावचित्राचा प्रश्न काही वर्षं बंद ठेवा. त्याऐवजी उद्योगपर्वातला तो कृष्ण-कर्ण संवाद मराठीत द्या. दोन-तीन पानांचा मजकूर आहे, दहावीच्या मुलाला पेलतो. जमलं तर शेजारी रन्नाच्या दुर्योधनाचा एक उतारा कन्नडमध्येच द्या, आपल्या मुलांना दोन्ही वाचता येतं. आणि खाली एवढंच विचारा : कर्णाच्या कबुलीत पांडवांचं नाव आहे, द्रौपदीचं नाही. असं का असावं?