काही विशेष?

आई बडोद्याला एकटी राहते, मी बंगळूरला. रोज रात्री साडेआठला मी फोन करते आणि विचारते, "काही विशेष?" ती म्हणते, "काही नाही." मग दोघी निश्चिंत. या निश्चिंतीत काही खोट आहे, हे मला एका यंत्राविषयी वाचताना जाणवलं.

आई ऐंशीची झाली तेव्हा, ती पडलीबिडली तर कळावं म्हणून घरात काही बसवावं, असं डोक्यात आलं. कॅमेऱ्याला तिचा ठाम नकार. "मी काय सोनाराचं दुकान आहे?" म्हणाली. दुसरं काही शोधताना 'इव्हेंट कॅमेरा' हा प्रकार समोर आला. नेहमीचा कॅमेरा समोर काही घडो न घडो, सेकंदाला पंचवीस-तीस पूर्ण चित्रं टिपतो. याचं तसं नाही. याच्या संवेदकावरचा प्रत्येक बिंदू स्वतंत्र असतो. आपल्यावर पडणारा उजेड ठरावीक प्रमाणाबाहेर वाढला किंवा घटला, तरच तो आपली जागा, वेळ आणि 'वाढला' की 'घटला' एवढंच कळवतो. एरवी गप्प. म्हणून तो विलक्षण वेगवान असतो, आणि वीजही कमी खातो. माणूस पडल्याचं त्याला ओळखता येईल का, यावर संशोधन चालू आहे.

ही कल्पना डोळ्यावरूनच घेतलेली आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मिशा माहोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी सिलिकॉनचा दृष्टिपटल घडवला आणि 1991मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्याविषयी लिहिलं. पुढे झुरिकच्या संशोधकांनी ती वाट आणखी पुढे नेली. डोळ्याचा दृष्टिपटल मेंदूला जगाचा फोटो पाठवत नाही. तो मुख्यतः फरक कळवतो: इथे कड आहे, इथे काही हललं.

ही काटकसर किती टोकाला जाऊ शकते, ते बेडकात दिसतं. जेरोम लेटविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959मध्ये बेडकाच्या डोळ्यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. भोवती अन्न पडलेलं असलं, पण ते हलत नसलं, तर बेडूक उपाशी मरेल, असं त्यात म्हटलं आहे. माशी नसते असं नाही. ती हलत नाही, एवढंच.

मला तो बेडूक ओळखीचा वाटला. "काही विशेष?" हा त्याचाच प्रश्न आहे. आई पडली असती तर मला कळलं असतं. पण ती पडलीच नाही, दिवसभर नुसती बसून राहिली, तर? त्या कॅमेऱ्याच्या लेखी काहीच घडलं नाही. माझ्याही लेखी नाही.

मग प्रश्न असा, की जे बदलत नाही ते न दिसणं हा दोष म्हणायचा का? सगळ्याकडे सतत लक्ष देत बसलो तर रस्ताही ओलांडता येणार नाही. सवय ही डोळ्यांची आणि मनाची गरज आहे. ज्याची रचनाच तशी, त्याला बोल कसा लावायचा? ही सबब मला बरेच दिवस पुरली.

ती मोडली डोळ्यानेच. आपण एकटक पाहतो तेव्हाही बुबुळ स्थिर नसतं, सूक्ष्मपणे थरथरत असतं. 1950च्या दशकात प्रयोगांतून असं दिसलं, की ही थरथर निष्फळ करून प्रतिमा दृष्टिपटलावर एकाच जागी खिळवली, तर ती काही सेकंदांत विरून जाते. म्हणजे स्थिर वस्तू आपल्याला दिसते, ती डोळा हलतो म्हणून. 2024मध्ये मेरिलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी इव्हेंट कॅमेऱ्याच्या भिंगापुढे फिरता लोलक बसवला, तोही याच थरथरीवरून. समोरचं हलत नसेल, तर पाहणाऱ्याने हलायचं.

आपल्या भाषेत 'दिसणं' आणि 'पाहणं' वेगळे आहेत. दिसण्याची जबाबदारी माझ्यावर नसेल. पाहण्याची आहे. डोळ्याची थरथर मला न विचारता चालते. मनाची मात्र मलाच करावी लागते.

पुढच्या खेपेला बडोद्याला गेले तेव्हा, आई अंघोळीला गेली असताना मी सहज तिच्या खुर्चीत बसले. एरवी मी दिवाणावर बसते. टीव्ही चालू होता, पण पडद्यावर पाठीमागच्या खिडकीचा उजेड एवढा, की एक चेहरा धड दिसेना. खिडकीबाहेरचा कडुलिंब दोन वर्षांपूर्वी तोडला. तोडला त्या रात्री तिने फोनवर सांगितलं होतं. ते 'विशेष' होतं. त्यानंतर रोज दुपारी खोलीत शिरणारा उजेड विशेष नव्हता. दोन वर्षं ती टीव्ही पाहत नव्हती, ऐकत होती.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"त्यात काय सांगायचं? रोजचंच आहे."

खुर्ची हलवायला दोन मिनिटं लागली. खुर्चीपेक्षा मला ते 'रोजचंच' लागलं. दुखणं रोजचं झालं की सोसणारा सांगायचं सोडतो आणि ऐकणारा विचारायचं. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नाही. घराबाहेरही हेच चालतं. पूल कोसळला की बातमी होते; पुलाखाली वर्षानुवर्षं राहणाऱ्यांची होत नाही. तिथे खुर्ची हलवून भागत नाही, हे मला कळतं. पण निदान बसायची जागा बदलल्याशिवाय तिथलं काही दिसायचंही नाही.

बंगळूरला परतल्यावर पंधरा दिवसांत तोच प्रश्न पुन्हा तोंडात आला. सवय अशी सुटत नाही. फरक एवढाच, की आई "काही नाही" म्हणाली की मी फोन ठेवत नाही. "काही नाही म्हणजे काय काय?" असं विचारते. पहिल्यांदा ती हसली. मग जरा थांबून सांगू लागली.