हाक वाजवून घ्यावी लागते

१५२४ साली बार्सिलोना शहरात तेहतीस वर्षांचा एक लंगडा माणूस लॅटिनचे धडे गिरवायला बसला. तीन वर्षांपूर्वी पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला होता. अंथरुणात पडल्यापडल्या ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र वाचून त्याचे मन पालटले. मग मानरेसा गावी जवळजवळ वर्षभर त्याने उपास केले, भीक मागितली, तासन्‌तास प्रार्थना केली. जेरुसलेमलाही जाऊन आला. लोकांना देवाच्या वाटेवर मदत करायची तर आधी स्वतः शिकले पाहिजे, हे त्याला कळले होते. पण पुस्तक उघडले की पंचाईत व्हायची. रूपे पाठ करू लागला की देवाविषयीचे नवनवे विचार मनात दाटून येत आणि त्यांची गोडी अशी की व्याकरण बाजूलाच राही.

दुसरा कोणी असता तर धन्य झालो म्हणाला असता. इग्नेशियस लोयोलाला मात्र संशय आला. मिस्सेला बसतो, प्रार्थना करतो, तेव्हा ही गोडी एवढी उचंबळून येत नाही. नेमकी पाठांतराच्या वेळीच कशी येते? हा भक्तिभाव आपल्याला कामापासून पळवतो आहे, असा त्याने निष्कर्ष काढला. त्याने आपल्या मास्तरांना सांता मारिया देल मार या चर्चमध्ये नेले, घडलेले सारे सांगितले आणि वचन दिले की, या शहरात भाकरी आणि पाणी मिळते आहे तोवर पुढची दोन वर्षे तुमचा एकही पाठ चुकवणार नाही. पुढे अल्काला, सालामांका, पॅरिस असे शिक्षण झाले. १५३७ साली व्हेनिसमध्ये त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पहिली मिस्सा अर्पण करायला मात्र त्याने आणखी दीड वर्ष घेतले. ती झाली १५३८ च्या नाताळात, रोममध्ये.

ख्रिस्ती सेवाकार्यासाठी आध्यात्मिक तयारी कशी करावी, असे कोणी विचारले की ठरलेली उत्तरे येतात : प्रार्थना, उपास, पवित्र शास्त्राचे वाचन, एकांत. ती चुकीची नाहीत. पण या सगळ्या साधनांचा रोख कुठे आहे, हे बार्सिलोनातल्या त्या प्रसंगातून जास्त स्पष्ट होते. आपल्या आत उसळणाऱ्या ऊर्मीला देवाची हाक मानण्यापूर्वी तिची उलटतपासणी करायला शिकणे, हा या तयारीचा गाभा आहे. बाजारात मडके घेताना आपण ते वाजवून घेतो, पाचारणाचेही तसेच. आणि वाजवणारा हात स्वतःचाच असून भागत नाही, हे त्यातले अवघड कलम.

बायबलमध्ये हाक ऐकून आनंदाने उड्या मारणारे थोडे आणि सबबी सांगणारे फार. मोशे म्हणतो, मला बोलता येत नाही. यिर्मया म्हणतो, मी अजून लहान आहे. योना तर सरळ उलट्या दिशेच्या जहाजात बसतो. दमास्कसच्या वाटेवर ज्याला प्रत्यक्ष दर्शन झाले तो पौलही लगेच जेरुसलेमच्या प्रेषितांकडे धावला नाही. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, आधी अरबस्तानात गेलो, मग दमास्कसला परतलो आणि तीन वर्षांनी वर जेरुसलेमला गेलो.

पहिल्या काही शतकांतल्या मोठ्या धर्मगुरूंच्या कथाही अशाच आहेत. नाझियान्झसचा ग्रेगरी दीक्षा मिळाल्यावर पळून गेला आणि परत आल्यावर आपण का पळालो याचे सविस्तर समर्थन त्याने लिहिले. ऑगस्टीन ३९१ साली उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावी एका ओळखीच्या माणसाला भेटायला गेला असता मंडळीने त्याला धरून म्हाताऱ्या बिशप व्हॅलेरियसपुढे उभे केले. दीक्षेच्या वेळी तो रडत होता. एकदम बिशपपद मिळाले नाही म्हणून रडतो आहे, असे समजून काहींनी त्याचे सांत्वनही केले! नंतर त्याने व्हॅलेरियसला पत्र लिहून ईस्टरपर्यंतची मुदत मागितली, शास्त्राचा अभ्यास करण्यासाठी. वक्तृत्वशास्त्राचा नामांकित प्राध्यापक, तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहिलेला माणूस. आणि गावातल्या साध्या माणसांपुढे उभे राहण्याइतकी आपली तयारी नाही, असे त्याला वाटत होते. उलट उदाहरण मिलानच्या अँब्रोजचे. ३७४ साली बाप्तिस्माही न झालेल्या या प्रांताधिकाऱ्याला लोकांनी बिशप निवडले आणि आठवड्याभरात बाप्तिस्म्यापासून बिशपपदापर्यंतचे सगळे विधी उरकले. शिकण्याआधीच शिकवायची वेळ आपल्यावर आली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

पुढे चर्चने या अनुभवाला व्यवस्थेचे रूप दिले. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनने दोन हाका सांगितल्या : एक अंतःकरणातली, जिचा साक्षीदार देव आणि तो माणूस, दुसरी चर्चने उघडपणे दिलेली. कॅथलिक चर्चमध्ये तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षांचे शिक्षण लागते, आणि एरवी वयाची पंचविशी झाल्याशिवाय धर्मगुरुपद मिळत नाही. डीकन होणे आणि धर्मगुरू होणे यांत कमीत कमी सहा महिन्यांचे अंतर राखावे लागते. पुण्यातल्या पेपल सेमिनरीसारख्या संस्थेतून बाहेर पडणारा तरुण साधारणपणे याहून बरीच अधिक वर्षे या वाटेवर घालवून आलेला असतो. तेराव्या लिओ पोपने १८९३ मध्ये कँडी येथे स्थापन केलेली ही सेमिनरी १९५५ साली पुण्यात आली. हिंदुस्थानातल्या माणसांनीच इथले धर्मगुरू व्हावे, हा तिच्यामागचा हेतू.

सेमिनरीच्या व्यवस्थेतली एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. प्रत्येक विद्यार्थ्याला एक आध्यात्मिक मार्गदर्शक असतो. त्याच्यापाशी विद्यार्थ्याने मनातले सगळे बोलावे अशी अपेक्षा असते : शंका, वासना, चिडचिड, प्रार्थनेतला कोरडेपणा. पण या विद्यार्थ्याला दीक्षा द्यावी की घरी पाठवावे, हे ठरवताना त्या मार्गदर्शकाचे किंवा त्याचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूचे मत घेण्यास चर्चच्या कायद्यानेच मनाई केली आहे. निर्णय बाकीच्यांनी त्याच्या वागण्यावरून घ्यायचा. ही तजवीज फार शहाणपणाची आहे. जिथे मन उघडे करायचे तिथे निकालाची धास्ती नको, आणि जिथे निकाल लागायचा तिथे गोड बोलण्याला भाव नको.

इग्नेशियसने मानरेसात ज्या टिपणांना सुरुवात केली त्यांतून पुढे ‘आध्यात्मिक साधना’ हे छोटे पुस्तक झाले. १५४८ मध्ये पोपने त्याला मान्यता दिली. त्याच्या जेझुइट संघात येऊ पाहणारा तरुण ही साधना सुमारे तीस दिवस मौनात करतो. रोज चार-पाच तास प्रार्थना, आणि प्रत्येक तासानंतर काय घडले याची नोंद. साधना शिकवते ती मुख्यतः मनाचे हवामान ओळखायला. कधी देव जवळ वाटतो, मन भरून येते. कधी सगळे शुष्क, अंधारे. इग्नेशियसचा एक नियम असा की, अंधाराच्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये. दुसरा तितकाच कडक : भरून आलेल्या मनाच्या उजेडात घाईने व्रत घेऊ नये, कुणाला घेऊही देऊ नये. शिवाय त्याने उमेदवारांसाठी आणखी परीक्षा घातल्या. महिनाभर इस्पितळात रोग्यांची सेवा, महिनाभर पैसे न घेता भीक मागत यात्रा, घरातली हलकीसलकी कामे, मुलांना धर्मशिक्षण. ज्याला स्वर्गाची दृश्ये दिसतात त्याला बेडपॅन उचलता येते का, हे पाहणे त्याला गरजेचे वाटले.

प्रोटेस्टंट परंपरेत या अंगाने पाहण्याजोगा प्रयोग डीट्रिख बोनहोफर यांचा. हिटलरच्या राजवटीला शरण न गेलेल्या कन्फेसिंग चर्चने १९३५ मध्ये होऊ घातलेल्या पाळकांसाठी त्यांना एक सेमिनरी चालवायला दिली. ती काही महिन्यांत श्टेटिन शहराजवळच्या फिंकनवाल्डे येथे स्थिरावली. तरुण विद्यापीठातून शिकून आलेले, ग्रीक-हिब्रू जाणणारे. बोनहोफरनी त्यांना रोज सकाळी अर्धा तास बायबलमधल्या एकाच उताऱ्यावर मौन चिंतन करायला लावले. तोच उतारा आठवडाभर. सुरुवातीला कुणाला डुलक्या येत, कुणी त्या वेळात उपदेशाची तयारी करी. प्रोटेस्टंट घरात हा मठ कशाला, अशी कुरकुरही झाली. कार्ल बार्थसारख्या धर्मपंडितानेही शंका बोलून दाखवली. दुसरा नियम मला अधिक अवघड वाटतो : गैरहजर बंधूविषयी बोलायचे नाही, आणि तोंडून गेलेच तर त्याला जाऊन सांगायचे. हा एक नियम मोडण्याने आणि मोडल्यावर पुन्हा सुरुवात करण्याने विद्यार्थ्यांना जवळजवळ उपदेशांइतकेच शिकवले. १९३७ मध्ये गेस्टापोने सेमिनरी बंद केली, इथून गेलेल्या अनेकांना अटक झाली. ९ एप्रिल १९४५ रोजी स्वतः बोनहोफर फासावर गेले. 

मराठीत या विषयाचे सर्वांत मोलाचे साहित्य कोणत्याही धर्मपीठाने लिहिलेले नाही, ते लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिले. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली ती १९०४ मध्ये. मधली नऊ वर्षे ते अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिकवत होते, लिहीत होते, दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांमध्ये काम करत होते. या वर्षांचा घरातला भाग लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. पती धर्मांतरित, पत्नी सोवळ्यातली. काही वर्षे दोघे वेगळे. मग लक्ष्मीबाई आल्या, पण शिवाशिवीचा आणि खाण्यापिण्याचा प्रश्न त्यांनी आपल्या बुद्धीने, आपल्या वेगाने सोडवला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. त्या पुस्तकात टिळक संत म्हणून येत नाहीत. तापट आहेत, लहरी आहेत, हातात पैसा टिकत नाही, कुणालाही घरी घेऊन येतात आणि चूल कशी पेटायची याचा विचार दुसऱ्यावर सोडतात. आणि तरीही वाचून झाल्यावर वाचक म्हणतो, या माणसाला खरोखरच हाक आली होती. दीक्षेच्या आधीच्या चौकशीत मंडळीने टिळकांविषयी काय विचारले असेल ते असो. पण ज्या बाईने त्यांचा राग सोसला, त्यांचे फसलेले बेत निस्तरले, तिने दिलेली ही साक्ष कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा जड आहे.

टिळकांच्या आयुष्यातून आणखी एक गोष्ट दिसते. दीक्षा हा तयारीचा शेवट नसतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानणारा हा माणूस १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडतो, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडतो आणि संन्यस्त वृत्तीने राहू लागतो. पगार आणि सेवा यांचे नाते त्यांना टोचत राहिले होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले, त्यामुळे तो दरबार फार काळ भरला नाही. यशापयशाच्या हिशेबात त्याला काय म्हणावे हे ज्याने त्याने ठरवावे. पण बावीस वर्षे ख्रिस्ती सेवेत काढल्यानंतरही स्वतःचे पाचारण पुन्हा तपासायला बसणे, हे त्यांचे मोठेपण.

आणि ज्यांच्यासाठी दीक्षेचे दार उघडलेच नाही त्यांचे काय? पंडिता रमाबाई कुठल्याही चर्चच्या दीक्षित पाळक नव्हत्या. इंग्लंडमधल्या वॉन्टेजला १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर, काय मानावे हे ठरवू पाहणाऱ्या वडीलधाऱ्या सिस्टरांशी त्यांनी पत्रांतून कडकडून वाद घातला. ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, ख्रिस्त नंतर मिळाला, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हजारो निराधार बायकामुलींचा संसार सांभाळत त्या हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून ते छापले. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. सेवाकार्याची तयारी म्हणजे सेमिनरीची वर्षे, असे समीकरण मांडणाऱ्याने केडगावचा छापखाना आधी डोळ्यांपुढे आणावा. आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रिया पाळक होतात, कॅथलिक चर्चमध्ये होत नाहीत. पण प्रश्न पदापुरता नाही. एका घरात आलेली हाक तपासून स्वीकारायची आणि दुसऱ्या घरातली ऐकूनच घ्यायची नाही, असे करणारी तपासणी अर्धीच ठरते.

इतकी चाळणी लावूनही वाईट धर्मगुरू निघतात, हा आक्षेप खराच आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचारांची प्रकरणे देशोदेशी उघडकीस आली, त्यांतले बहुतेक आरोपी वर्षानुवर्षे सेमिनरीत राहून बाहेर पडलेले होते. दुसऱ्या जॉन पॉल पोपने १९९२ च्या दस्तऐवजात प्रशिक्षणाची चार अंगे सांगितली : मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि सेवाविषयक. त्यांत मानवी अंगाला त्याने पाया म्हटले. नुसती प्रार्थना करणारा, पण माणसांशी नीट वागता न येणारा तरुण चालणार नाही, असा त्याचा अर्थ. उलट बाजूला, सेमिनरीची पायरीही न चढता ‘मला प्रभूने सांगितले’ एवढ्यावर मंडळी उभारणारे पुष्कळ आहेत. त्यांना मासे धरणारा पेत्र आठवतो. पण पेत्र तीन वर्षे गुरूच्या पायाशी चालला, रागावला, बुडाला, नाकारून रडला. आणि हे सगळे इतरांच्या डोळ्यांदेखत झाले. दोन्हीकडे खोट एकाच जागी आहे : त्या माणसाला जवळून पाहणारे कोणी नव्हते, किंवा होते ते बोलले नाहीत.

कॅथलिक दीक्षाविधीत उमेदवार जमिनीवर पालथा पडतो आणि सगळे चर्च संतांची नावे घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करते. तो क्षण छायाचित्रांत येतो. त्याच्या आधीचा क्षण कुणी टिपत नाही. बिशप विचारतो, हा पात्र आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का. आणि उत्तर येते की, ख्रिस्ती लोकांकडे चौकशी केली आहे, जबाबदार मंडळींचे मत घेतले आहे. ही चौकशी कागदावर राहिली तर सगळा विधी पोकळ होतो. ती खरी व्हायची असेल तर गावातल्या माणसांनी उमेदवाराबद्दल खरे बोलले पाहिजे : हा पोरगा घरी आईशी कसा बोलतो, गरिबाच्या मयताला जातो का, चूक दाखवली तर ऐकतो का. पाचारणाची तयारी उमेदवाराने करायची हे सर्वांना मान्य आहे. तिचा दुसरा हिस्सा मंडळीचा आहे. ज्या मंडळीने तेव्हा तोंड उघडले नाही, तिला पुढे धर्मगुरू बरा निघाला नाही अशी तक्रार करताना स्वतःचेही नाव त्या तक्रारीत घालावे लागेल.