खंबीर

माझा पुतण्या दिवाळीला दिग्रसला येतो तो एक पिशवी कपड्यांची आणि एक पुस्तकांची घेऊन. अमरावतीच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात तो स्थापत्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत आत चकल्यांचा घाणा चालला होता आणि हा ओसरीवर पालथा पडून तुळया आणि खांबांची चित्रे काढीत होता. चित्रांखाली आकड्यांच्या उतरंडी. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला मास्तर. माझे गणित चक्रवाढ व्याजापाशी थांबले. पण मास्तराची खोड जात नाही. विचारले, "काय करून राहिला रे?"

"स्ट्रक्चरल ॲनालिसिस, काका. कोणता भार कोणाच्या वाट्याले जाते, ते काढून राहिलो."

वाटा हा शब्द त्याने सहज वापरला. आमच्या घरात मात्र चार माणसे एकत्र जमली की तो शब्द नको असतो. कारण पुढे सांगतो.

त्याने मला समजावले ते असे. दोन विटांवर एक फळी ठेवली आणि तिच्यावर वजन ठेवले, तर कोणत्या विटेवर किती भार ते पोरही काढील. पण मध्ये तिसरी वीट सरकवली की नुसत्या समतोलाचा हिशेब पुरत नाही. फळी किती वाकते हेही विचारावे लागते. क्लेपरॉन नावाच्या फ्रेंच इंजिनिअराने १८५७ साली यासाठी समीकरणे दिली. पण मोठ्या इमारतीला ती इतकी होत की सोडवणाऱ्याचा जीव जाई. मग १९३० साली हार्डी क्रॉस या अमेरिकन प्राध्यापकाने दहाएक पानांचा एक निबंध लिहिला आणि हे काम नुसत्या बेरीज-वजाबाकी-गुणाकारावर आणून ठेवले. संगणक येईपर्यंत जगभरच्या इमारतींचे हिशेब बव्हंशी त्याच रीतीने झाले, आणि मुलांना ती आजही शिकवतात. हा क्रॉस तरुणपणी शाळामास्तर होता हे कळल्यावर मला उगाचच बरे वाटले.

त्याची रीत मोठी गमतीची. आधी सगळे सांधे कुलूप लावल्यासारखे घट्ट धरले आहेत असे समजायचे. मग एकेक सांधा मोकळा करायचा. त्या सांध्यावर जो तोल बिघडलेला असेल, तो तिथे जुळणाऱ्या तुळया-खांबांत वाटून द्यायचा. आणि वाटणी ताठरपणाच्या प्रमाणात. तीन जण जुळत असतील, त्यांचा ताठरपणा तीन, दोन, एक असेल आणि वाटायचे साठ असतील, तर तीस, वीस आणि दहा. शिवाय ज्याला जे मिळाले त्याच्या निम्मे त्याच्या दुसऱ्या टोकाला पोचते. मग तो दुसरा सांधा मोकळा करायचा. असे करता करता बिघाड लहान होत जातो आणि शेवटी सगळे शांत होते.

"म्हणजे जो ताठ, त्याच्यावरच जास्त?" मी विचारले.

"हो न काका. आखूड आणि जाड असला की तो वाकत नाही. वाकत नाही म्हणून भार त्याच्याकडंच जाते."

तेवढ्यात ताई चकल्यांचे ताट घेऊन बाहेर आली. ताई ठेंगणी आहे. पोरगा तिच्याकडे पाहून हसला. मला हसता आले नाही.

वडील गेले तेव्हा मी मॅट्रिकला होतो, धाकटा सातवीत, ताई एकोणीस वर्षांची. तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. ती थांबली ती थांबलीच. तिने शिलाईचे यंत्र आणले. धाकटा शिकून नागपूरला गेला, मला शाळेत नोकरी लागली. आई आता दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळली आहे. दर दोन-तीन तासांनी तिची कूस बदलावी लागते. रात्रीही. ते ताई करते. पलीकडच्या खोलीत दिवा लावून मी कादंबऱ्या लिहितो. त्यांपैकी एकीत मी एका खंबीर बहिणीचे इतके गोडवे गायले आहेत की वाचकांची पत्रे आली. ताईने ती अजून वाचलेली नाही. वेळ कुठे आहे?

आम्ही भाऊ दर दिवाळीला तेच म्हणतो, ताई आहे म्हणून बरे, ताई खंबीर आहे. आणि ओसरीवर पडलेले ते पोर मला सांगत होते की हा निसर्गाचाच नियम आहे! क्षणभर मनाला किती गार वाटले म्हणून सांगू. भार ताठ माणसाकडे जातो. यात आमचा काय दोष?

पण रात्री विचार करू लागलो तसा तो गारवा टिकेना. तुळईचा ताठरपणा आधी ठरतो, भार मागून येतो. ताईचे तसे झाले का? एकोणिसाव्या वर्षी ती कशी होती ते मला आठवते. पावसात भिजली तर दोन दिवस रडणारी मुलगी होती ती. आम्ही भार ठेवला, ती वाकली नाही, म्हणून आणखी ठेवला. आणि मग तिला खंबीर हे नाव दिले. हे नाव म्हणजे पुढच्या ओझ्याची पावतीच की.

सकाळी पुतण्याला गाठले. "तुमच्या हिशेबात ज्याच्याकडे तीस गेले, त्याचे पुढे काय करता?"

"त्याले तितकं लोखंड द्या लागते ना! भार काढायचा कायले? कुठं किती सळई घालायची ते समजाले." आणि मग आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. काँक्रीटची तुळई अशी घडवायची असते की मोडण्याआधी ती खाली झुकली पाहिजे, तिला भेगा दिसल्या पाहिजेत. न बोलता एकाएकी तुटेल अशी तुळई बांधायला नियमच मनाई करतो.

भेगा आम्हा दिग्रसकरांना काही नव्या नाहीत. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि घरोघरच्या भिंती दर वर्षी बोलतात. आम्ही भिंतीचे ऐकतो, गवंडी बोलावतो. ताईला विचारले की ती म्हणते, "मले काय धाड भरली?" आणि आम्ही ते खरे मानतो. ते खरे मानण्यात आमची सोय आहे.

धाकट्याशी त्या दिवशी बोललो. बोलणे सरळ झाले नाही. त्याने पैसे वाढवून देतो म्हटले, मी म्हटले पैशाने कूस बदलत नाही; मग तो म्हणाला, "तू तर शेजारच्या खोलीत असतो." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या रात्री दोनचा गजर मी माझ्या उशाशी लावला. आईच्या खोलीत गेलो, चादर धरली आणि कुठून सुरुवात करावी तेच कळेना. इतकी वर्षे शेजारी राहून आईचे वजन मला ठाऊक नव्हते. मागे पाहिले तर ताई दारात उभी. तिला गजर लागत नाही.

"जा, नीज," मी म्हटले.

ती गेली नाही. चौकटीला टेकून म्हणाली, "आधी उशी काढ. मंग खांद्याखाली हात घाल. डावीकडं नको, तिकडची कातडी सोलली हाय."