नाव होणं आणि नाव निघणं

परवा पुतण्याला मी रिची इव्हान्सबद्दल सांगत होतो. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावचा मोटार-शर्यतपटू, नॅसकार या अमेरिकी मोटार-शर्यत संघटनेच्या मॉडिफाइड गटाचा नऊ वेळा राष्ट्रीय विजेता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, पण तो वर का नाही गेला?"

हे ‘वर’ दोन दिवस डोक्यातून जाईना.

नॅसकारचा टीव्हीवर दिसणारा झगमगाट म्हणजे कप ही सर्वांत वरची मालिका; पुतण्याचं ‘वर’ म्हणजे तीच. मॉडिफाइड म्हणजे उघड्या, रुंद चाकांचं धूड आणि बहुतेक छोट्या लंबगोल धावपट्ट्या. गंमत अशी की फेब्रुवारी 1948 मध्ये नॅसकारची पहिली शर्यत झाली ती मॉडिफाइड गाड्यांचीच. आज जिला कप म्हणतात ती मालिका 1949 ची. म्हणजे थोरलीला खाली बसवून धाकटी माडीवर राहायला गेली. मग ‘वर’ कशाला म्हणायचं?

मी नेहमी एक फरक करतो. नाव होणं वेगळं, नाव निघणं वेगळं. नाव होतं ते अनोळखी माणसांत. नाव निघतं ते पारावर, गॅरेजात, जाणत्यांच्या बोलण्यात. शेतकऱ्याच्या घरचा इव्हान्स सोळाव्या वर्षी शेत सोडून गॅरेजात कामाला लागला आणि नारिंगी 61 नंबरच्या गाडीनं त्यानं नाव निघेल अशी सोय केली. पोट भरलेल्यानं उठून दुसऱ्या पंगतीत कशाला जाऊन बसायचं?

इथं थोडं रोमबद्दल. याच गावात जेरी कुक राहायचा. 1971 ते 1985 अशी सलग पंधरा वर्षं मॉडिफाइडचं विजेतेपद या एका गावाबाहेर गेलं नाही: सहा वेळा कुक, नऊ वेळा इव्हान्स. जगज्जेता व्हायला निघालेल्यांना तोडीचा वैरी शोधत देशोदेशी हिंडावं लागतं. या दोघांना तो गावातच मिळाला होता. मला हे भाग्य करंडकापेक्षा मोठं वाटतं.

पुतण्या ऐकेना. "म्हणजे समाधानी माणूस," तो म्हणाला, आणि ‘समाधानी’ असं म्हणाला की जणू आजाराचं नाव. मी उसळून सांगितलं, समाधानी कसला? 1979 मध्ये साठ शर्यतींत उतरला, सदतीस जिंकला. क्वेबेकपासून फ्लोरिडापर्यंत धावला. 1985 चं विजेतेपद खिशात पडल्यावरही मार्टिन्सव्हिलच्या धावपट्टीवर सरावाला उतरला आणि 24 ऑक्टोबरला तिथंच अपघातात गेला. वय चव्वेचाळीस.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, मघाची भरल्या पोटाची उपमा मीच मोडली होती. त्याची भूक भागलीच नव्हती, फक्त पंगत त्यानं स्वतः निवडली होती.

मग मी हुकमाचं पान टाकलं. "मॉडिफाइडमध्ये 61 हा आकडा निवृत्त केला त्यांनी. आणि 2012 मध्ये नॅसकारनं त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं!"

पुतण्या हसला. "म्हणजे शेवटी वरच्यांचाच शिक्का लागला ना?"

मी गप्प. खरं होतं. पारावरच्या नावाची महती गात होतो आणि वाद जिंकायला पुरावा काढला तो दरबारातला. त्याहून अडचणीचं असं की मी काही रोमच्या पारावर बसलेला नाही. माझ्यापर्यंत इव्हान्स आला तो त्या शिक्क्याच्या वाटेनंच. निघणारं नाव काढणाऱ्यांबरोबर म्हातारं होतं. त्याला गावाबाहेर, पिढीबाहेर न्यायला झालेलं नावच लागतं.

तेव्हा माझा लाडका फरक आता मी थोडा खाली ठेवतो. मात्र क्रम सोडत नाही. आधी नाव निघावं, मग व्हावं. इव्हान्सचं त्याच क्रमानं झालं. मधे सव्वीस वर्षं गेली, एवढंच.