पुरावा सापडण्याआधीचा आजार

जेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी 1880 मध्ये पिंपांचा व्यापार करणाऱ्या एका माणसाची हकिकत प्रसिद्ध केली. हा माणूस दिवसातून कितीतरी वेळा, हातातलं काम सुरू असतानाच झोपी जाई. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की तो खळखळून हसला किंवा एखादा सौदा जमणार असं त्याला वाटलं, की पायांतलं बळ जाई. पत्त्यांत चांगली पानं आली की अंग हलेनासं होई. जेलिनोंनी या आजाराला ‘नार्कोलेप्सी’ हे नाव दिलं. तीन वर्षं आधी बर्लिनच्या वेस्टफाल यांनीही असंच वर्णन केलं होतं. म्हणजे लक्षणांचं नेमकं चित्र तेव्हाच हाती होतं, पण शरीरात बोट ठेवून दाखवण्यासारखं काही नव्हतं. म्हणून पुढची जवळजवळ एकशेवीस वर्षं या रुग्णांवर आळशी, कामचुकार, मनाने कमकुवत असे शिक्के बसत राहिले. आता तो पुरावा मिळाला आहे. पण त्यातून आपण चुकीचा धडा घेतला, असं माझं मत आहे.

पुरावा कुठे शोधायचा याचा अंदाज तसा लवकर आला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात मेंदूज्वराची एक साथ आली. व्हिएन्नातल्या फॉन इकॉनोमो यांनी त्यात दगावलेल्यांचे मेंदू तपासले. सतत झोपून राहणाऱ्यांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसचा मागचा भाग खराब झालेला होता, तर ज्यांची झोपच उडाली होती त्यांचा पुढचा. नार्कोलेप्सीचं मूळही याच परिसरात असावं, असं त्यांनी सुचवलं. तरीही नकोशा आयुष्यापासून मन असं पळ काढतं, ही मनोविश्लेषकांची मांडणी पुढे बराच काळ टिकली. तिला खरा धक्का बसला तो झोपेच्याच अभ्यासातून. 1953 मध्ये रेम झोपेचा, म्हणजे जिच्यात डोळे भराभर हलतात आणि ठळक स्वप्नं पडतात त्या झोपेचा, शोध लागला. एरवी ही अवस्था झोप लागल्यानंतर तासा-दीड तासाने येते. नार्कोलेप्सीत ती डोळा लागताच सुरू होते, हे 1960 मध्ये दिसलं. रेम झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू पूर्ण सैल पडतात. तोच सैलपणा जागेपणी, हसता हसता, अंगावर येतो. मग कळलं की ही माणसं चोवीस तासांत इतरांपेक्षा फार जास्त झोपत नाहीतच. रात्रीही त्यांची झोप तुटक असते. बिघाड झोपेच्या प्रमाणात नाही. जाग आणि झोप यांच्यातला बांध फुटलेला आहे. या प्रवासातली सर्वांत मोलाची कल्पना हीच, आणि ती या आजारामागचा रेणू सापडण्याआधीची आहे.

रेणूपर्यंत पोचवलं कुत्र्यांनी. स्टॅनफर्डमध्ये विल्यम डिमेंट यांनी हा आजार आनुवंशिक असलेले डॉबरमन पाळले होते. आवडीचं खाणं समोर ठेवलं की कुत्रा आनंदाने पुढे येई, दोन घास घेई, मागचे पाय दुमडत आणि तो तिथेच कोसळे, डोळे उघडे. काही क्षणांत उठून पुन्हा खाऊ लागे. इमॅन्युएल मिन्यो यांनी सुमारे दहा वर्षं खपून 1999 मध्ये त्यामागचा जनुक शोधला. एका मेंदूरसायनाचा संदेश ग्रहण करणारं प्रथिन या कुत्र्यांमध्ये सदोष होतं. ते रसायन म्हणजे ओरेक्सिन किंवा हायपोक्रेटिन. दोन गटांनी 1998 मध्ये ते स्वतंत्रपणे शोधलं, म्हणून दोन नावं. त्यांपैकी यानागिसावा यांच्या गटाने ओरेक्सिन नसलेले उंदीर तयार केले, तेही असेच कोसळत. माणसात मात्र जनुक सहसा शाबूत असतो. तिथे नाहीशा होतात त्या ओरेक्सिन तयार करणाऱ्या पेशी. 2000 मध्ये रुग्णांच्या मेंदूंच्या तपासणीत यातल्या सुमारे नव्वद टक्के पेशी दिसल्याच नाहीत. रोगप्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटत असावी, याकडे बरेच पुरावे बोट दाखवतात. निर्णायक दुवा अजून जुळायचा आहे.

इथवर सगळं समाधानाचं. पण दिवसा झोप अनावर होणाऱ्या अनेकांचं ओरेक्सिन व्यवस्थित असतं. त्यांना ‘दुसऱ्या प्रकारची’ नार्कोलेप्सी किंवा कारण अज्ञात असलेली अतिनिद्रा असं निदान मिळतं, आणि त्यांच्याकडे पुन्हा संशयाने पाहिलं जातं. रसायनात बिघाड दिसला तरच आजार खरा, हाच तो चुकीचा धडा. यावर आक्षेप येतो: रसायनाची कसोटी सोडली तर झोप येते म्हणणाऱ्या प्रत्येकाला रुग्ण मानायचं का? आक्षेप रास्त आहे. अपुरी झोप, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य ही कारणं आधी वगळलीच पाहिजेत. दिवसा दर दोन तासांनी झोपवून ती किती मिनिटांत लागते हे मोजणारी चाचणीही आहे. मात्र या गटात ती पुन्हा केली की निकाल बऱ्याचदा बदलतो. पण कसोटी अपुरी असणं हा कसोटीचा दोष आहे, रुग्णाचा नव्हे. 1999 पर्यंत जेलिनोंच्या रुग्णासारख्या प्रत्येकाची अवस्था हीच होती, आणि तेव्हाही त्यांच्या मेंदूतल्या पेशी गेलेल्याच होत्या. रसायनाच्या शोधाने त्यांचा आजार खरा झाला नाही. तो आधीपासून खरा होता.

हा आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि निदानाला अनेकदा कित्येक वर्षं लागतात. दरम्यान शाळेत आणि घरात त्या मुलाचा कुंभकर्ण होतो. रात्री पुरेसा झोपूनही वर्गात रोज डोळे मिटणारा विद्यार्थी दिसला, तर शिक्षकांनी त्याला बाकावर उभं करण्याआधी हसताना गुडघे लटपटतात का, एवढं विचारावं. उत्तर ‘नाही’ आलं तरी त्याच्या पालकांना बोलावून त्याला निद्रातज्ज्ञांकडे न्यायला सांगावं.