आधी भाकर, मग प्रवास



राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. हे वाचताना नवल वाटते. कारण आदल्याच अध्यायात ह्या माणसाने कर्मेल डोंगरावर बआलाच्या ४५० संदेष्ट्यांना एकट्याने तोंड दिले होते. स्वर्गातून अग्नी उतरला होता, दीर्घ दुष्काळानंतर पाऊस पडला होता. मग ईजबेल राणीचा एक धमकीचा निरोप येतो आणि हाच माणूस जीव घेऊन पळत सुटतो. दिवसभर चालतो आणि आता पुरे झाले म्हणून आडवा होतो.

आम्हा धर्मगुरूंपैकी कुणी तेथे असता, तर त्याला श्रद्धेवर चांगले अर्धा तास प्रवचन दिले असते! देवाने तसे केले नाही. त्याने एलीयाला झोपू दिले. मग देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले आणि खायला सांगितले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती, पाण्याचे भांडे होते. एलीयाने खाल्ले, पाणी प्याला आणि पुन्हा झोपला. दूत रागावला नाही. दुसऱ्यांदा आला, पुन्हा जेवू घातले आणि कारणही सांगितले की, पुढची वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे. त्या अन्नाच्या बळावर तो ४० दिवस आणि ४० रात्री चालत होरेब डोंगरावर पोहोचला. देवाचा मंद, शांत आवाज त्याने ऐकला तो तेथे, भाकर आणि झोप मिळाल्यानंतर.

आता आपल्या घरांकडे पाहू या. पहाटे साडेचारला उठून सर्वांचे डबे भरणारी आई स्वतः चहाच्या घोटावर दुपारपर्यंत राहते. विरार लोकलला लोंबकळत मुंबई गाठणारा मुलगा रात्री नऊला घरी येतो, जेवताना फोन, अंथरुणात फोन, मग झोप येत नाही म्हणून पुन्हा फोन. निवृत्त वडील रक्तदाबाची गोळी विसरतात, पण बातम्यांवरची वादावादी चुकवत नाहीत. मग घरात क्षुल्लक कारणावरून भांडण होते आणि आपण म्हणतो, सैतान घरात शिरला. कधी कधी सैतान नसतो, नुसती भूक आणि अपुरी झोप असते.

आपल्याकडे थकव्याला पुण्य समजण्याची सवय आहे. 'तिला क्षणाची उसंत नाही' हे आपण कौतुकाने सांगतो. ती बाई पाच मिनिटे ओट्यावर टेकली, तर तिला स्वतःलाच अपराध्यासारखे वाटते. मला हे मुळीच पटत नाही. अनुवादाच्या ग्रंथात शब्बाथाची आज्ञा दिली आहे, तेथे दास-दासी, बैल आणि गाढव यांच्याही विसाव्याचा उल्लेख आहे. गाढवाला जे मिळावे असे देवाला वाटते, ते आपल्या घरच्या आईला नको काय? प्रभू येशूदेखील वादळात, होडीच्या मागच्या बाजूस, उशी घेऊन झोपला होता.

१३ व्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ईशज्ञानाच्या महाग्रंथात दुःखावरचे उपाय सांगितले आहेत. आनंद, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन आणि शेवटी झोप व स्नान! एवढ्या मोठ्या पंडिताला अंघोळीविषयी लिहिताना संकोच वाटला नाही.

म्हणून सवयी लावायच्या त्या अगदी साध्या. घरच्या बाईने इतरांबरोबर, ताटात वाढून, बसून जेवावे. उरलेसुरले उभ्याने खाणे म्हणजे त्याग नव्हे. रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवावा, उशाशी नको. दुपारी १२ ला आंजेलसची प्रार्थना म्हणताना हातातले काम खरोखरच थांबवावे आणि दोन मिनिटे सावकाश श्वास घ्यावा. संध्याकाळी वाडीतून एक फेरी मारावी, जमल्यास शेजाऱ्याला बरोबर घेऊन. जपमाळ म्हणताना डुलकी लागली तर घाबरू नये. लिझ्यूच्या संत तेरेजालाही प्रार्थनेत झोप येत असे आणि आईबापांना झोपलेले मूलही तितकेच प्रिय असते, असे ती स्वतःला समजावीत असे.

मात्र एक सांगितलेच पाहिजे. दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल किंवा एलीयासारखे मरणाचे विचार येत असतील, तर नुसत्या सवयींवर किंवा नुसत्या नोव्हेनावर विसंबू नये. डॉक्टरांकडे जावे. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. तेथे फोन करणे म्हणजे देवावर अविश्वास नव्हे. देवदूत कोणत्या रूपात येईल, ते एलीयाला तरी कुठे ठाऊक होते?

आज रविवार आहे. दुपारच्या जेवणाची भांडी आज पुरुषांनी आणि मुलांनी घासावीत. आई झोपली असेल, तर चहासाठी तिला उठवू नये.